‘कॅरेक्टर’ नावाची चाळणी

एखाद्या समाजाला दाराबाहेर ठेवायचे तर दारावर पाटी लावावीच लागते असे नाही. प्रवेश-अर्जात चार-पाच नवे प्रश्न घातले तरी काम भागते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९२२ साली आपल्या अर्जात असे प्रश्न घातले. वंश व वर्ण कोणता? धर्म कोणता? आईचे माहेरचे नाव काय? वडिलांचा जन्म कुठला? आणि जन्मापासून तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का? शेवटचा प्रश्न कोणासाठी होता, हे सांगायला नको. पूर्व युरोपातून आलेल्या अनेक ज्यू कुटुंबांनी अमेरिकेत आपली आडनावे सुटसुटीत करून घेतली होती.

बर्कलीचे समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांचा ‘द चोझन’ (२००५) हा सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ या अर्जामागची हकिकत सांगतो. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांनी विसाव्या शतकात कोणाला आत घेतले, कोणाला नाकारले आणि का, हे त्यांनी विद्यापीठांच्याच दप्तरांतून काढले आहे. ग्रंथ मोठ्या योग्यतेचा आहे, हे आधीच सांगतो. माझे त्याच्याशी दोन ठिकाणी मतभेद आहेत. पण त्याआधी त्याचे सर्वांत मोलाचे काम कोणते ते पाहू.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डचा प्रवेश मुख्यतः लेखी परीक्षेवर होता. परीक्षा उत्तीर्ण झालात की आत. ही वाट ज्यू मुलांना मानवली. १९०० साली पहिल्या वर्षात त्यांचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होते, ते १९२२ पर्यंत एकवीस टक्क्यांवर गेले. अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल अस्वस्थ झाले. पंधरा टक्क्यांची मर्यादा घालावी असे त्यांचे मत. स्थलांतरावर बंधने मागणाऱ्या संघटनेचे ते उपाध्यक्ष होते, आणि नवागतांच्या वसतिगृहांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मज्जाव करणारेही तेच. त्यांचा युक्तिवाद मात्र ज्यूंच्या कळवळ्याचा होता: ज्यूंची संख्या वाढली की त्यांच्याविषयीचा द्वेष वाढतो, म्हणून संख्या कमी ठेवणे त्यांच्याच हिताचे. द्वेष करणाऱ्याला काही विचारायचे नाही. ज्याचा द्वेष होतो त्यानेच आपली संख्या आवरायची!

उघड कोट्याचा गवगवा झाला, तेव्हा प्राध्यापकांची समिती नेमली गेली. १९२३ साली तिने कोटा फेटाळला. लॉवेल हरले, असे कोणालाही वाटेल. काराबेल यांचा खरा शोध यापुढचा आहे. १९२५ साली ज्यूंचे प्रमाण सत्तावीस टक्क्यांवर पोचले आणि १९२६ साली नियम बदलले. पहिल्या वर्षाच्या जागा मर्यादित झाल्या, अर्जासोबत छायाचित्र आले, आणि गुणांच्या जोडीला ‘कॅरेक्टर’ पाहिले जाऊ लागले. त्याच डिसेंबरात येलचे डीन क्लॅरेन्स मेंडेल हार्वर्डला चौकशीला गेले. त्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदीचा मथितार्थ असा: आता प्रमाण पंधरा टक्के किंवा खाली आणायचे, आणि नकाराची कारणे देत बसायचे नाही. जे ठरावाने झाले नाही ते निवडीच्या मुखत्यारीने झाले.

हा ‘कॅरेक्टर’ शब्द मराठीत आणताना अडखळायला होते. ‘चारित्र्य’ म्हटले तर शील डोळ्यांपुढे येते. हार्वर्डला अभिप्रेत होते ते घराणे, खासगी शाळा, मैदानी खेळ, चारचौघांतला सहज वावर. ब्रुकलिनच्या शिंप्याच्या किंवा बोस्टनच्या फेरीवाल्याच्या मुलात हे कुठून येणार? येलने तर १९२५ साली ठरवून टाकले की, जागा मर्यादित असल्या तरी किमान पात्रता असलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना त्याची झळ लागू द्यायची नाही. वाईट शब्द वापरून केलेला अन्याय पकडता येतो. चांगला शब्द वापरून केलेला पकडायला दप्तरे उघडावी लागतात. ती काराबेल यांनी उघडली, हे त्यांचे ऋण.

माझा पहिला आक्षेप विद्यार्थ्याविषयी आहे. या ग्रंथात अध्यक्ष, डीन, समित्या यांची चित्रे ठसठशीत आहेत. ज्यू विद्यार्थी मात्र बहुतांशी टक्केवारीत भेटतो. लॉवेलने ज्या मुलांकडे आकडा म्हणून पाहिले ती आपल्यालाही आकडा म्हणूनच दिसत राहतात. वास्तविक ती मुले बोलत होती. हार्वर्डच्या मेनोरा सोसायटीचा विद्यार्थी-अध्यक्ष हॅरी स्टार याने तेव्हाच लिहून ठेवले की तक्रार वाईट ज्यूंबद्दल नव्हती, संख्येबद्दल होती. आपल्याकडे विज्ञानकथांमुळे माहीत असलेले आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह १९३५ साली कोलंबियाच्या मुख्य महाविद्यालयात नाकारले गेले आणि त्याच विद्यापीठाने ब्रुकलिनमध्ये काढलेल्या सेथ लो ज्युनिअर कॉलेजात पाठवले गेले. तिथे ज्यू मुलांचाच भरणा होता.

ही उणीव एक कादंबरी भरून काढते. फिलिप रॉथ यांच्या ‘इंडिग्नेशन’ (२००८) मधला मार्कस मेसनर १९५१ साली ओहायोतल्या एका काल्पनिक महाविद्यालयात जातो. वडील ज्यू धर्मनियमांप्रमाणे मांस विकणारे. डीन त्याला बोलावून विचारतो, अर्जात नुसते ‘खाटीक’ का लिहिलेस, ‘कोशर खाटीक’ का नाही? वसतिगृहातली खोली दोनदा का बदललीस? आवाज चढत नाही, शिवी नाही, उलट काळजीचाच सूर. तरीही वाचताना छाती दडपते. अर्जातला तो जुना रकाना इथे माणसाच्या तोंडून बोलतो, आणि आत गेल्यावरही प्रवेशपरीक्षा संपत नाही हे कळते. काराबेल आणि रॉथ एकत्र वाचावेत, ते यासाठी.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. ‘गुणवत्ता’ म्हणजे काय हे त्या-त्या काळचे सत्ताधारी ठरवतात, असा काराबेल यांचा निष्कर्ष. तो बराचसा खरा आहे, पण त्यामुळे सगळ्या कसोट्या सारख्याच संशयास्पद ठरतात. त्यांचाच पुरावा वेगळे सांगतो. परीक्षाही वरच्या वर्गानेच काढली होती, पण तिचे नियम आधी जाहीर होते. म्हणून परका मुलगा त्या नियमांनी जिंकू शकला. ‘कॅरेक्टर’चे नियम कधीच जाहीर झाले नाहीत. प्रश्न कसोटी कोणाची एवढाच नाही. ती उघडी आहे का, हाही आहे.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकले. त्यांचे गुरू, अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन, ज्यू घराण्यातले. त्यानंतर काही वर्षांतच त्या विद्यापीठाने ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांवरून जवळपास निम्म्यावर आणले. प्राध्यापकाच्या खुर्चीवर एखादा ज्यू चालत होता. बाकांवर पुष्कळ चालत नव्हते. आणि अलीकडे हार्वर्डविरुद्ध चाललेल्या ज्या खटल्याचा निकाल २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात लागला, त्यात आशियाई वंशाच्या अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात कमी श्रेणी मिळत असल्याचा आरोप होता. खालच्या न्यायालयांना हेतुपुरस्सर भेदभाव आढळला नव्हता; सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित निवडच रद्द केली. निकालाविषयी मतभेद असोत. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत त्या रकान्याची चर्चा झाली असेल, तर तो रकाना कुठून आला हेही माहीत असावे.

ऑक्टोबर २०२३ नंतर अमेरिकी विद्यापीठांत ज्यूद्वेषाचा प्रश्न पुन्हा पेटला. त्या डिसेंबरात तीन विद्यापीठांच्या अध्यक्षांना संसदेच्या समितीपुढे उत्तरे द्यावी लागली. इस्रायलच्या धोरणाचा निषेध आणि ज्यू विद्यार्थ्याचा द्वेष एक नव्हे. निषेध करणाऱ्यांत ज्यू विद्यार्थीही होते. पण वर्गातल्या एखाद्या मुलीला ती केवळ ज्यू आहे म्हणून एका सरकारच्या कृत्यांचा जाब विचारला जातो, तेव्हा रेघ ओलांडलेली असते. नावावरून माणूस ओळखून मग त्याच्यावर संशय घ्यायचा, ही रीत १९२२ च्या अर्जातलीच आहे. काराबेल यांचा ग्रंथ या ताज्या वादाच्या अठरा वर्षे आधीचा. तरी आज तो वाद समजून घ्यायला मी कोणाला एकच पुस्तक सुचवायचे झाले तर हेच सुचवीन, आणि सोबत रॉथची कादंबरीही वाचा म्हणेन.