कापल्याची खूण म्हणजे बळी?

नागपूरजवळच्या माहुरझरीत शां. भा. देवांनी १९७०-७२ मध्ये शिलावर्तुळांचं उत्खनन केलं. पुरलेल्या माणसांसोबत घोड्यांची हाडं निघाली, त्यांवर कापल्याच्या खुणा. ‘धन्यासोबत घोड्याचा बळी’ हे वाक्य पुस्तकांतून फिरतं. ते बरोबर असेलही, पण खुणांवर भार जरा जास्तच टाकलाय. खूण एवढंच सांगते, की धार हाडाला लागली. आमच्या ढाणकीत खाटकाचा हात बघा: कातडं सोलताना सुरी खुरांच्या वर लागते, तुकडे पाडताना सांध्याशी, मांस उतरवताना नळीच्या मधोमध. बळी असो वा जेवण, खुणा त्याच. म्हणून तुम्ही आधी खुणेची जागा, दिशा, खोली नोंदवा. बळी ठरवायचा तो हाडं कशी पुरली होती त्यावरून. नुसत्या सुरीवरून नव्हे.