पारोळ्याचा भुईकोट : कर्ता व काल

पारोळ्याच्या भुईकोटाविषयीं लिहिणारे बहुतेक जण एकच वाक्य उतरून घेतात : जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनीं तो इ. स. १७२७ त बांधिला. या वाक्याचें मूळ सरकारी गॅझेटियरांत आहे. पण तेथें तें लोकसमजूत म्हणून, साल अदमासानें धरून, दिलें आहे. पुढील लेखकांनीं अदमास तेवढा गाळला, आणि ऐकीव गोष्टीचा सिद्धान्त झाला.

प्रथम नांवच पाहावें. आपल्या रिवाजाप्रमाणें स्वतःचें नांव, पित्याचें नांव व नंतर उपनांव असा क्रम असतो. ‘दामोदर’ हें उपनांव नव्हे. झांशीचे सुभेदार रघुनाथ हरि ज्या घराण्यांतील, त्या या घराण्याचें उपनांव नेवाळकर. तेव्हां तिसरें नांव पितामहाचें, कीं दोन पुरुषांचीं नांवें एकत्र गुंफिलीं गेलीं, याचा निर्णय सालाच्या आधीं झाला पाहिजे.

आतां वास्तु पाहावी. सभोंवार खंदक, प्रवेशाशीं पूर्वीं उचलता पूल, दोहों अंगांस भव्य बुरूज. ही रचना नुसत्या डौलाची नव्हे. निजाम व बाजीराव यांचा झगडा त्याच सुमारास चालू होता. पालखेडचा प्रसंग फेब्रुवारी १७२८ चा. सपाट मुलखांत राहणाऱ्या जहागीरदारास वाडा हवा तसा कोटही हवा होता. पण अशा धामधुमींत एवढें विस्तीर्ण काम एका सालीं पुरें झालें, हें संभवत नाहीं. १७२७ हें फार तर आरंभाचें साल ठरेल.

इंग्लंडांतील बोडियमची गढीही अशीच खंदकानें वेढलेली आहे. ती लढण्यासाठीं बांधिली कीं मानमरातबासाठीं, याविषयीं तेथील पंडितांत मतभेद आहे. आरंभाच्या सालाविषयीं मात्र नाहीं. कारण दुसऱ्या रिचर्ड राजानें १३८५ त दिलेला परवाना उपलब्ध आहे. एका कागदानें अर्धा वाद मिटला !

पारोळ्याची जहागीर १८५७ च्या उठावानंतर जप्त झाली व १८५९ त कोटाची मोडतोड झाली. म्हणून एकट्या दगडांची साक्ष अपुरी आहे. अस्सल कागदावांचून इतिहास नाहीं, असा आग्रह धरणारे राजवाडे १९२६ त धुळ्यासच निवर्तले. त्यांच्या खानदेशांत तरी ‘म्हणतात’ यावर कोणी संतुष्ट राहूं नये. संग्राहकांनीं आपल्या रुमालांतील सनदा, वंशावळी व बांधकामाचे हिशेब या दृष्टीनें पुन्हां चाळावे. वाळवीच्या आधीं तेथें आपण पोंचलें पाहिजे.