मेनेसचे नाव कुठे लिहिले आहे?

‘इ. स. पू. ३१००च्या सुमारास मेनेस राजाने उत्तर व दक्षिण इजिप्तचे एकीकरण केले.’ हे वाक्य मी वर्गात किती वेळा सांगितले, त्याची गणती नाही. एका वर्षी नारमेरच्या पाटीच्या चित्रावर बोट ठेवून एका मुलीने विचारले, “सर, यात मेनेसचे नाव कुठे लिहिले आहे?” मेनेस म्हणजेच नारमेर, असे सांगून मी पुढच्या धड्याकडे वळलो. निवृत्तीनंतर स्वस्थपणे वाचन सुरू झाले, तेव्हा ते उत्तर बोचू लागले.

ही पाटी १८९८ साली हायराकॉनपोलिस, म्हणजे प्राचीन नेखेन, येथे क्विबेल आणि ग्रीन यांच्या उत्खननात सापडली. उंची सुमारे ६४ सेंटिमीटर. डोळ्यांत घालायचा रंग अशा पाट्यांवर वाटत. हिच्यावरही त्यासाठी वर्तुळाकार खळगा आहे, पण एवढी मोठी पाटी रोजच्या वापराची नसावी. एका बाजूला पांढरा मुकुट घातलेला राजा एका कैद्याचे केस धरून गदा उगारतो. दुसऱ्या बाजूला तोच राजा लाल मुकुट घालून शिरच्छेद केलेल्या प्रेतांच्या रांगांकडे चालला आहे. पांढरा मुकुट दक्षिणेचा, लाल उत्तरेचा. दोन्ही एकाच्या डोक्यावर, म्हणजे एकीकरण झाले! पाठ्यपुस्तकाचे सगळे अनुमान एवढ्यावर उभे आहे.

मेनेस हे नाव फार उशिरा येते. सेती पहिला याच्या अबायडोस येथील मंदिरातल्या राजावळीचा आरंभ ‘मेनी’ या नावाने होतो. ती राजावळी नारमेरनंतर सुमारे १८०० वर्षांनी कोरलेली. ग्रीक भाषेत लिहिणारा पुरोहित मानेथो तर इ. स. पू. तिसऱ्या शतकातला, आणि त्याचा ग्रंथही आज इतरांच्या उताऱ्यांतूनच उरला आहे. पहिल्या राजवंशातल्या देन राजाच्या थडग्यात सापडलेल्या मुद्रेच्या ठशावर मात्र राजांची नावे ओळीने आहेत आणि आरंभी नारमेर आहे. तेव्हा त्याच्या मानाला धक्का लागत नाही. मेनेस म्हणजे नारमेर की त्याच्यानंतरचा आहा, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. ते खुशाल चालू राहोत. माझी तक्रार नावाबद्दल नाही, त्या वाक्यातल्या ‘केले’ या क्रियापदाबद्दल आहे.

शत्रूवर गदा उगारणारा राजा नारमेरच्या आधीपासून दिसतो. नेखेनच्याच १०० क्रमांकाच्या चित्रित थडग्यात तो आहे, आणि हे थडगे नारमेरपेक्षा काही शतके जुने. पुढे रोमन सम्राटही इजिप्तच्या देवळांच्या भिंतींवर याच पवित्र्यात उभे राहिले. त्याहून बोलके उदाहरण साहुरे या पाचव्या राजवंशातल्या राजाचे आहे. त्याच्या मंदिरात पराभूत लिबियन सरदाराची बायको आणि दोन मुलगे नावांसह कोरले आहेत. सुमारे दोन शतकांनी पेपी दुसरा याच्या मंदिरात तेच कुटुंब, त्याच नावांनी, पुन्हा हरते. सुमारे १८०० वर्षांनी तहार्का राजाच्या कावा येथील मंदिरात ते आणखी एकदा हरते. हे वाचून मी आधी हसलो आणि मग गंभीर झालो. इजिप्तच्या कलावंताच्या लेखी विजय हा राजपदाचा विधी होता. त्या विधीच्या चित्राला आम्ही बातमीपत्र समजलो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९८ साली अबायडोसला नारमेरच्या नावाची एक लहानशी हस्तिदंती चिठ्ठी सापडली. पपायरसच्या झुडपाचे शीर असलेल्या माणसावर राजा प्रहार करीत असल्याचे चित्र तिच्यावर आहे. अशा चिठ्ठ्या त्या त्या वर्षाची ओळख म्हणून मालाला बांधत. त्या वर्षी कुठली तरी चढाई झाली असेलही. पण एका चढाईतून देश घडतो काय?

जमिनीतला पुरावा वेगळा आहे. नाइलच्या मुखाशी, मिन्शात अबू ओमरच्या दफनभूमीत, नारमेरच्या आधीपासूनच दक्षिणेच्या नकादा संस्कृतीची भांडी आहेत. बुटोच्या थरांत स्थानिक भांड्यांची जागा ही दक्षिणी धाटणी घेत जाते. मुकुटांचेही तसेच. उत्तरेचा म्हणून आम्ही शिकवला तो लाल मुकुट सर्वांत आधी दिसतो तो नकादातल्या, म्हणजे दक्षिणेतल्या, एका खापरावर! मी फळ्यावर दोन मुकुट काढून मध्ये अधिकचे चिन्ह घालत असे, ते आठवून अजून ओशाळतो.

आणि अबायडोसचे ‘यू-जे’ थडगे. ग्युंटर ड्रायर यांनी १९८८ साली ते उजेडात आणले. काळ इ. स. पू. ३२००च्या आसपास, म्हणजे नारमेरच्याही आधीचा. बारा दालने, शेकडो मद्यकुंभ, आणि हाडाच्या व हस्तिदंताच्या शंभराहून अधिक बारीक चिठ्ठ्या, दोरा ओवण्याच्या भोकांसह. काहींवर आकडे आहेत, काहींवर बहुधा गावांची नावे. इजिप्तमधले सर्वांत जुने लिखाण जे हाती आले आहे, त्यात हे मोडते, आणि ते मालाच्या नोंदीचे लिखाण आहे. गदा उगारण्यापूर्वी कुणीतरी भांडी मोजत होते, कुठून काय आले ते लिहून ठेवत होते. त्या कारकुनाला आमच्या पुस्तकात एक ओळ नाही.

त्या मुलीला आता उत्तर देता आले असते. मेनेसचे नाव त्या पाटीवर कुठेच नाही. वर, गायीच्या कानांच्या दोन देवीमुखांच्या मधोमध एक चौकट आहे. तिच्यात मागुरासारखा एक मिशाळ मासा आहे आणि त्याच्याखाली एक छिन्नी. मासा म्हणजे ‘नार’, छिन्नी म्हणजे ‘मेर’.