पुठ्ठ्याचे मंदिर : ‘मादाम बोव्हारी’तील लग्नाचा केक

गेल्या हंगामात आमच्या पुतणीचे लग्न ठरले. मांडव, बँड, जेवण ही कामे घरातल्या कर्त्या मंडळींनी वाटून घेतली आणि ‘काका, केकचे तेवढे तुम्ही पाहा’ असे म्हणून बेकर शोधण्याची जबाबदारी माझ्यावर सोपविली. पुतणीला घेऊन मी वसईत आणि मुंबईत मिळून चार दुकाने पालथी घातली. पहिल्या तिघांनी आम्हांला खुर्च्या दिल्या आणि पुढ्यात फोटोंचा अल्बम ठेवला. पाच मजली केकपैकी खालचा मजलाच खरा, वरचे मजले म्हणजे नुसते साचे, त्यांवर साखरेचा लेप, अशी सोय असते. तीही त्यांनी मोकळेपणाने सांगितली. चौथा बेकर वयस्क होता. त्याने अल्बम काढलाच नाही. पाहुणे किती, लग्न मे महिन्यात की नाताळानंतर, केक उघड्या मांडवात ठेवणार की हॉलमध्ये, कापल्यापासून वाटेपर्यंत किती वेळ जाणार, असे एकेक विचारून त्याने बशीत एक तुकडा पुढे केला. ‘आधी खाऊन बघा, मग बोलू,’ एवढेच तो म्हणाला.

परतीच्या गाडीत मला साहित्यातला एक बेकर आठवला. गुस्ताव्ह फ्लोबेर याच्या ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीत तो जेमतेम एका परिच्छेदापुरता येतो आणि त्याला नावही नाही. घरी येऊन ते प्रकरण मी पुन्हा वाचले. त्या वाचनातून जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

ही कादंबरी 1856 मध्ये एका नियतकालिकातून क्रमशः आली. सार्वजनिक आणि धार्मिक नीतीला बाधा आणल्याच्या आरोपावरून 1857 च्या आरंभी लेखकावर खटला झाला, तो निर्दोष सुटला आणि त्याच वर्षी पुस्तक निघाले. कथा सर्वश्रुत आहे. नॉर्मंडीतील शेतकरी रुओ याची मुलगी एमा मठातील शाळेत शिकते, भावविवश कादंबऱ्या वाचते आणि शार्ल बोव्हारी या सरळमार्गी, मंद डॉक्टराशी तिचे लग्न होते. स्वप्नांची आणि संसाराची गाठ पडत नाही. व्यभिचार, कर्ज आणि शेवटी आर्सेनिक, असा तिचा प्रवास आहे.

लग्नाचे प्रकरण पहिल्या भागात येते. मध्यरात्री, मशालींच्या उजेडात आपले लग्न व्हावे, अशी एमाची इच्छा होती. बापाला ही कल्पनाच कळली नाही. मग रीतीप्रमाणे लग्न झाले: त्रेचाळीस पाहुणे, सोळा तास चाललेली पंगत, गाड्या ठेवण्याच्या छपराखाली मांडलेली टेबले, मांसाच्या थाळ्या, फेसाळणारी सफरचंदाची दारू, पिवळ्या क्रीमवर रंगीत साखरेने रेखलेली वधूवरांची आद्याक्षरे. मिठाईसाठी इव्हतो गावाहून बेकर आणला होता. तो त्या मुलखात नवा होता, म्हणून त्याने फार मन लावून काम केले, असे फ्लोबेर मुद्दाम सांगतो. भोजनाच्या शेवटी त्याने स्वतःच्या हाताने जो केक आणला, तो पाहून मंडळींच्या तोंडून उद्गार निघाले.

त्या केकचा तळ निळ्या पुठ्ठ्याचा होता. त्यावर खांबांचे मंदिर, कोनाड्यांत छोटे पुतळे, सोनेरी कागदाच्या चांदण्या. दुसऱ्या थरावर स्पंज केकचा बुरूज, भोवती बदाम, मनुका आणि संत्र्याच्या फोडींची तटबंदी. सर्वांत वर हिरवे कुरण, मुरंब्याची तळी, त्यांत हेझलनटच्या टरफलांच्या होड्या आणि चॉकलेटच्या झोपाळ्यावर झोके घेणारा मदन. झोपाळ्याच्या दोन्ही खांबांच्या टोकांना खऱ्या गुलाबकळ्या होत्या.

या केककडे एमाच्या उथळ स्वप्नांची चेष्टा म्हणून पाहण्याची वहिवाट आहे. खाली पुठ्ठा, वर मदन. म्हणजे पोकळ पायावरचे प्रेम. हा अर्थ चुकीचा नाही, पण तो फार सोपा आहे. पहिली अडचण अशी की, हा केक एमाने निवडलेलाच नाही. तिने मशाली मागितल्या होत्या. मिळाला तो बापाने बोलावलेल्या बेकरचा बुरूज. दुसरी अडचण इतिहासाची. त्या काळातील फ्रेंच मेजवान्यांत असे देखावे ही प्रतिष्ठित कला होती. मारी-आंत्वान कारेम (1784–1833) या विख्यात पाकशास्त्र्याने जुन्या वास्तूंची चित्रे अभ्यासून मिठाईची मंदिरे आणि मनोरे रचले व 1815 मध्ये त्यांच्या आराखड्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. इव्हतोचा बेकर या थोर परंपरेचा खेड्यातील वारस आहे. त्याची मेहनत खोटी नाही. किंबहुना त्या दिवशी संपूर्ण मांडवात जीव ओतून काम करणारा तोच एक दिसतो. एकेका वाक्यासाठी दिवस दिवस खपणाऱ्या फ्लोबेरला या कारागिराविषयी तुच्छता वाटली असेल, असे मला वाटत नाही.

मग खोट कोठे आहे? ती लेखकाने न लिहिलेल्या ओळींत शोधावी लागते. केकचे वर्णन संपते आणि पुढच्याच वाक्यात मंडळी संध्याकाळपर्यंत खात राहिली, असे येते. केक कोणी कापला, वधूने त्याचा घास घेतला की नाही, तो गोड होता की सपक, याविषयी एक शब्दही नाही. सर्वांनी तो पाहिला. चाखल्याचे मात्र आपल्याला कळत नाही. त्याहून बोलके मौन याच प्रकरणात अगोदर येऊन गेले आहे. वरात पायी गेली आणि चर्चमधील विधी आटोपल्यावर तशीच पायी परतली, एवढ्यावर विवाह-संस्काराची बोळवण होते. संस्काराला अर्धे वाक्य आणि केकला पूर्ण परिच्छेद! लेखकाच्या अश्रद्धेचा हा पुरावा आहे, असे कोणी म्हणेल. मला वाटते, त्या पाहुण्यांना त्या दिवशी काय दिसले आणि काय दिसले नाही, याचा हा प्रामाणिक हिशेब आहे. आपल्या धर्मग्रामांतील लग्नांचे अल्बम उघडून पाहिले, तर निराळा हिशेब निघेल का?

व्लादिमीर नाबोकोव्ह याने आपल्या व्याख्यानांत या कादंबरीतील थरांच्या रचनेकडे लक्ष वेधले आहे. आरंभी शार्लची विचित्र, थराथरांची टोपी येते, पुढे हा केक, आणि शेवटी एमाची शवपेटी. पत्नीला तिच्या लग्नाच्या पोशाखात, पांढऱ्या बुटांसह, डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवून पुरावे आणि एकात एक अशा तीन पेट्या कराव्यात, ओक लाकडाची, महोगनीची आणि शिशाची, असा हट्ट शार्ल धरतो. तेव्हा तो तीन थरांचा केक वाचकाच्या मनात पुन्हा उभा राहतो. लग्नाच्या दिवशी जे द्यायचे राहून गेले, ते बिचारा नवरा मरणाच्या दिवशी थरांवर थर चढवून देऊ पाहतो.

चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (1860–61) असाच एक केक आहे. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाने दगा दिल्याचे पत्र मिस हॅविशमला मिळते. त्या क्षणी ती घरातील सगळी घड्याळे थांबविते आणि केक टेबलावर तसाच ठेवते. वर्षांनुवर्षे त्यावर कोळिष्टके चढतात, कोळी आणि उंदीर आपला वाटा घेतात. मेल्यावर मला याच टेबलावर ठेवा, असे ती सांगते आणि पुढे ते खरे होते. येथेही केक माणसांच्या तोंडी लागत नाही. वाटून खाण्यासाठी केलेली वस्तू राखून ठेवली की तिचे काय होते, हे डिकन्सने फ्लोबेरपेक्षा ठसठशीतपणे, पण जरा नाटकीपणाने दाखविले आहे.

याउलट मेक्सिकोच्या लॉरा एस्किव्हेल हिच्या 1989 च्या कादंबरीत (‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’) केक खरोखरच खाल्ला जातो. तीता हिला आपल्याच प्रियकराच्या आणि आपल्याच बहिणीच्या लग्नाचा केक करावा लागतो. तिची आसवे त्यात पडतात आणि घास घेताच सारे पाहुणे हरवलेल्या प्रेमाच्या आठवणीने व्याकूळ होऊन रडू लागतात, आजारी पडतात. कथा अद्भुताच्या अंगाने जाते, तरी तिच्यातील जाण खरी आहे. करणाऱ्याचे मन अन्नात उतरते, हे आपल्याकडील कोणतीही आजी सांगेल.

फ्लोबेरची मर्यादा मला येथे जाणवते. त्याच्या जगात पाहणारे डोळे आहेत, पण चव पोचविणारा कोणी नाही. आपण योहानच्या शुभवर्तमानातील काना गावचे लग्न आठवू या. तेथेही विधीचे वर्णन नाही, वधूचे नावसुद्धा नाही. पण सहा दगडी रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस होतो, तो भोजनप्रमुख चाखतो आणि उत्तम रस आतापर्यंत राखून ठेवल्याबद्दल नवलाने बोलतो. तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. पाणी भरणाऱ्या नोकरांना ठाऊक होते. सुवार्तिकाने चव नोंदविली आणि राबणाऱ्या हातांचीही आठवण ठेवली. फ्लोबेरने हातांची आठवण ठेवली, चव मात्र सोडून दिली. एमाच्या आयुष्यात पुढे जी उपासमार आहे, ती याच पंगतीत सुरू होते, असे मला वाटते.

आमच्या घरी अल्बममधल्या पाच मजल्यांचा मोह सहजासहजी सुटला नाही. ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न दोन दिवस चालला. शेवटी पुतणीनेच विचारले, ‘काका, त्या म्हाताऱ्या बाबांचा फोन नंबर तुम्ही घेतलात ना?’ केक दोनच मजल्यांचा झाला, सुक्या मेव्याचा, उकाड्यात टिकणारा. पंगत उठण्याआधी तो संपला. त्याचा एकही चांगला फोटो आमच्याकडे नाही.