मुठीएवढी फट

कोल्हापूरच्या गुजरीत रात्री दुकानं मिटण्याच्या वेळी जावं. तो मिटण्याचा आवाज ऐकत हिंडायला मला फार आवडतं. पत्र्याचं शटर एका दमात खाली येतं, उंबऱ्यावर आदळतं आणि संपतं. ओढायच्या जाळीच्या गेटाचं तसं नाही. आधी दाटीवाटीनं उभ्या पट्ट्या सुटतात, मग तिरप्या पट्ट्यांच्या कात्र्या एकामागून एक उघडत जातात, आवाज विरळ होतो आणि शेवटी कडीचा एकच ठोका पडतो.

ज्या गेटावर माझा जीव जडला आहे, ते तिथल्या एका अरुंद सराफी दुकानाचं. रंग काळपट हिरवा. जिथे हात पडतो तिथला रंग केव्हाच गेलेला आणि आतलं लोखंड गुळगुळीत, चकचकीत. रचना नेहमीचीच: 20 मिलिमीटर रुंद नि 10 मिलिमीटर खोल उभे चॅनेल, 20 बाय 5च्या तिरप्या पट्ट्या, वर-खाली रूळ आणि चाकं. सरकारी बांधकामाच्या दरसूचीत हीच मापं असतात. मग हे गेट वेगळं का वाटतं?

त्याच्या फटी बघा. गेट पुरतं ओढलं की दोन चॅनेलमध्ये साधारण 10 सेंटिमीटरची फट उरते, आणि इथे ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसारखी आहे. तिरप्या पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे रिव्हेट असतो. पट्टीचं एक टोक खिळलेलं, दुसरं चॅनेलच्या पोटात वरखाली सरकणारं. त्यामुळे कडेच्या एका चॅनेलला ओढलं की सगळ्या फटी बरोबरीनं रुंदावतात. रिव्हेट झिजले की हा सारखेपणा आधी मोडतो: कुठे दोन बोटं, कुठे पंजा. उद्यमनगरातले एक मिस्त्री मला म्हणाले होते, “लोखंड किती किलो ते इचारू नका, आधी रिव्हेट बघा.” मी ते फार उशिरा ऐकलं. माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाला मी वजन बघून गेट घेतलं. त्याचा सगळा भार खालच्या रुळावर होता. पहिल्याच पावसाळ्यात रूळ चिखलानं भरला, चाकं अडली, आणि पुढे रोज खांदा लावून ते रेटावं लागलं. गुजरीतलं गेट वरच्या रुळावर टांगलेलं आहे. खालचा रूळ त्याला फक्त वाट दाखवतो. सकाळी झाडू फिरवला की झालं.

फट मुठीएवढी, म्हणजे हात आत जातो आणि डोकं जात नाही. या एका मापावर बाकीचं सगळं ठरतं. कुलपाभोवती पोलादी पेटी हवी, म्हणजे पटाशी किंवा कटर लावायला जागा मिळत नाही. माल जाळीपासून हात आणि वर एक काठी पोचेल त्याच्याही पलीकडे हवा. या सराफाची मांडणी तशीच आहे. पुढे नुसती बैठक, काचेचं कपाट थेट मागच्या भिंतीला.

पत्र्याच्या शटरला मी नावं ठेवत नाही. धूळ, पाऊस, दगड यांपुढे जाळीचं काही चालत नाही, आणि कापडाच्या दुकानाला पत्राच हवा. पण “शटर उचकटून चोरी” ही बातमी आपण किती वेळा वाचतो! पत्रा मधोमध उचलला जातो, म्हणून दोन्ही बाजूंना आणि मध्ये अशी कुलपं लागतात. शिवाय पत्रा माल झाकतो तसा आत शिरलेल्या चोरालाही झाकतो. जाळीआड एक दिवा जळत असला, तर गस्तीच्या पोलिसाला चालता चालता सगळं दुकान दिसतं. दर्शनी भाग फार रुंद असेल तर 8 मिलिमीटरच्या सळयांचं गुंडाळतं जाळीचं शटर बरं, कारण ओढायचं गेट पूर्ण उघडलं तरी कडेला त्याचा जाड गठ्ठा उभा राहतो आणि वाट अडवतो.

एका गोष्टीत मात्र मी तडजोड करणार नाही. आत माणूस झोपत असेल तर बाहेरून कुलूप लावू नये. आग लागली तर हीच जाळी त्याच्या वाटेत उभी राहते, आणि बाहेरच्यांना तो दिसत असूनही काढता येत नाही.

दिवसाही हे गेट कामात असतं. दुपारी गर्दी वाढली की ते अर्धं ओढलेलं दिसतं. एक माणूस आत, एक बाहेर, एवढीच वाट. बाहेर थांबलेली बाई जाळीतूनच पाटल्यांचं वजन विचारते, सराफ तिथूनच उत्तर देतो. पत्र्याला हे कधी जमलं नसतं.

माझं गेट आता काढायचं ठरलंय. उद्यमनगरात त्याच मिस्त्रींकडे माप दिलंय: रुंदी सात फूट, भार वरच्या रुळावर, खालच्या रुळाला पाणी जायला भोकं, कुलपाला पेटी, रंगाआधी रेड ऑक्साईडचे दोन हात. वजन किती भरेल, हे मी विचारलेलं नाही.