ताण कोणता, झोप कोणाची?

तलवाडा (ता. गेवराई, जि. बीड) येथील एका शिक्षकमित्राने परवा एक माहितीपत्रक हाती ठेवले. अश्वगंधा, हळद आणि द्राक्षबियांचा अर्क असलेल्या कॅप्सूलच्या बाटलीबरोबर ते मिळते. वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट शरीरातला ताण नाहीसा करतात, त्यामुळे मन प्रसन्न राहते आणि झोप गाढ लागते, असा त्याचा गोषवारा. मित्राच्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांनी ऊसतोडीची उचल हाती येताच अशा दोन बाटल्या घेतल्या.

पत्रकाची सारी मदार ‘ताण’ या एका शब्दावर आहे. पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवतात तेव्हा ऑक्सिजनचे काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ते आवरेनासे झाले की त्या स्थितीला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. पाऊस लांबला, उचल फिटली नाही, की मनावर येतो तो ताण निराळा. शब्द एक म्हणून वस्तू एक होत नाही. निद्रानाश वा नैराश्य असणाऱ्यांत पहिल्या ताणाच्या खुणा काही पाहण्यांत जास्त आढळल्या आहेत, हे खरे. पण त्या आजाराचे कारण की आजाराचा परिणाम, हे त्यावरून ठरत नाही.

‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ मोजतात ती परीक्षानळीत. वर्गात करून पाहा. विहिरीत टाकतात त्या पोटॅशियम परमँगनेटचे अगदी फिके जांभळे द्रावण घ्या आणि त्यात लिंबाचा रस टाका. जांभळा रंग जातो. कोऱ्या चहानेही जातो, आणि थोडा वेळ दिलात तर गुळाच्या पाण्यानेही! म्हणून गूळ खाऊन चिंता जाते असे कोणी म्हणणार नाही. खाल्लेला पदार्थ आतड्यात व यकृतात बदलतो, रक्तात फार थोडा पोहोचतो. अमेरिकेच्या शेती खात्याने अन्नपदार्थांच्या अशा आकड्यांची यादी केली होती. जाहिरातदार तिचा गैरवापर करतात म्हणून २०१२ साली ती काढून टाकली.

अश्वगंधेची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. तिच्या शास्त्रीय नावातील ‘सोम्निफेरा’चा अर्थच निद्रा आणणारी. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील विद्यापीठातील एक चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. निद्रानाशाच्या ६० रुग्णांपैकी ४० जणांना मुळाचा अर्क आणि २० जणांना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल दहा आठवडे दिली. शेवटी अर्कवाल्यांना झोप लागायला सरासरी २९ मिनिटे लागत होती, दुसऱ्यांना सुमारे ३४. म्हणजे फरक पाच मिनिटांचा, आणि निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांचीही स्थिती सुधारली होतीच. झोपेच्या इतर काही मोजमापांतही अर्क सरस ठरला. परिणाम आहे, पण माफक, माणसे थोडी. शिवाय तो अँटिऑक्सिडंट गुणामुळे झाला, असे या चाचणीने दाखवलेले नाही.

‘वनस्पतिजन्य, म्हणून निर्धोक’ हे पत्रकातले वाक्य मात्र सरळ चुकीचे आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ साली आला. बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरातलेच द्रव्य, गोळ्यांतून घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाणे आणि त्यातले एक द्रव्य वेगळे काढून भरमसाट घेणे यांत फरक आहे. अश्वगंधेच्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. डेन्मार्कने २०२३ साली अश्वगंधेवर बंदी घातली. संप्रेरकांवरील परिणाम आणि गर्भपाताची शक्यता ही त्याची कारणे. या निर्णयावर वाद आहे. पण गरोदर स्त्रीने ती घेऊ नये, याबद्दल दुमत नसावे.

मित्राने त्या पालकांना झोपेचे विचारले. कारखान्यावर कोपीत राहायचे, पहाटे फडात जायचे, रात्री गाडी आली की भरायला उठायचे. झोप लागत नाही असे नव्हे, ती मिळतच नाही. पत्रकात गरोदरपणाविषयी अक्षर नाही. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायको दोघे, आणि दोन बाटल्या घेतल्या होत्या त्या दोघांसाठी.