आई, मावशी, सासू आणि छाया कदम

२०२४ साली छाया कदम यांचं नाव एकदम सगळ्यांच्या तोंडी आलं. मार्चमध्ये ‘लापता लेडीज’ आणि ‘मडगाव एक्सप्रेस’, मे महिन्यात कानला ग्रां प्री मिळवणारा पायल कपाडियांचा ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’. मग आपल्याकडे कौतुकाचे लेख आले आणि त्यांत एकच वाक्य फिरत राहिलं : छोट्या भूमिकेचंही त्यांनी सोनं केलं. या वाक्याचा मला राग येतो. भूमिका छोटी का होती आणि त्या वर्षीची त्यांची गाजलेली कामं मराठी दिग्दर्शकांनी का लिहिली नाहीत, हे विचारायला कुणी तयार नाही.

‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’मधली पार्वती आठवा. रत्नागिरीकडची विधवा, मुंबईच्या इस्पितळात स्वयंपाकीण. नवरा गिरणी कामगार होता. राहत्या घराचा एक कागद हाताशी नाही आणि बिल्डर दाराशी येऊन ठेपलाय. एका रात्री ती आणि त्याच इस्पितळातली नर्स प्रभा बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड भिरकावतात. ठरावीक चरित्र अभिनेत्रीने इथे डोळ्यांत अंगार आणला असता, आवाज चढवला असता. छाया कदम यांच्या त्या दगडात खोडकरपणा आहे. बाई हरली आहे, हे तिला ठाऊक आहे. तरी एक दगड मारल्याशिवाय ती मुंबई सोडणार नाही. पुढे गावच्या अंधाऱ्या घरात दोन घोट घेऊन ती नाचते, तेव्हा आयुष्यभर उभ्याने काम केलेल्या शरीराचा थकवा आणि मोकळेपणा एकाच वेळी दिसतो. ‘लापता लेडीज’मधली मंजूमाई तशीच. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला घराबाहेर काढून स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी ही बाई हरवून तिच्या आसऱ्याला आलेल्या नवरीने, फूलने, केलेला कलाकंद खाते, तेव्हा तिच्या तोंडी उपदेश नसता तरी चाललं असतं, चेहरा पुरला असता.

हे शरीर आलं कुठून? कलिन्यात वाढलेली, कबड्डी खेळलेली ही मुलगी वामन केंद्रे यांच्या शिबिरातून रंगभूमीवर आली, ‘झुलवा’त उभी राहिली. नागराज मंजुळेंनी ‘फॅन्ड्री’त तिला जब्याची आई केलं, ‘सैराट’मध्ये आर्ची-परश्याला आसरा देणारी सुमनअक्का केलं. रवी जाधवांच्या ‘न्यूड’मध्ये ती चित्रकारांसमोर बसणारी चंद्राक्का झाली. या सगळ्या बायका हाताने काम करतात, आणि काम करता करताच बोलतात. मराठी अभिनयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी परंपरा हीच. मालिकांतल्या सासवा आणि ऐतिहासिक चित्रपटांतल्या आरती ओवाळणाऱ्या राजस्त्रिया यांच्यावर शब्द खर्च करण्यासारखं काही नाही.

या परंपरेचं आपण काय केलं ते पाहा. येवल्याच्या ललिता पवार नायिका होत्या. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांचा चेहरा लुळा पडला, डोळा बारीक झाला, आणि उद्योगाने त्या डोळ्यातून खाष्ट सासू काढली. ‘अनाडी’तल्या मिसेस डिसाने त्यांचा खरा पल्ला दाखवला, तरी लोकांच्या लक्षात राहिली ती ‘रामायण’ मालिकेतली मंथरा. सुलभा देशपांडे तर छबिलदास शाळेतल्या शिक्षिका. ‘रंगायन’मधून आलेल्या, अरविंद देशपांडेंसह १९७१ मध्ये ‘आविष्कार’ उभी करणाऱ्या, ‘चंद्रशाळे’त मुलांना नाटक शिकवणाऱ्या. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली त्यांची लीला बेणारे ज्यांनी पाहिली, त्यांना वेगळं काही सांगायला नको. पण हिंदी प्रेक्षकाला त्या कशा ठाऊक? ‘इंग्लिश विंग्लिश’मधली सासू! ते कामही सुरेख आहे, माझं भांडण त्या कामाशी नाही. बेणारे केलेल्या बाईसाठी आपण पुढे दुसरी बेणारे लिहिली नाही, भांडण त्याच्याशी आहे.

आता धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात बसून हे लिहितोय म्हणून घरचं बोलतो. हंगामात इथे मिरचीच्या पथाऱ्या लाल होतात. बाया पदराने नाकतोंड बांधून दिवसभर देठ खुडतात. बोटांची आग होते, तो हात डोळ्याला लागू नये म्हणून घाम कोपराने पुसतात. कोपराने घाम पुसणं ही एवढी एक हालचाल कुठल्या मराठी चित्रपटात आहे? मिरचीच्या कारखान्यातल्या बायकांवर चित्रपट झाला तो केतन मेहतांचा हिंदी ‘मिर्च मसाला’, गुजरातेत घडणारा. त्यातली सोनबाई झालेली स्मिता पाटील मात्र आमच्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक! तिला कारखान्यात लपवून तिच्याभोवती बायकांचा अख्खा घोळका उभा केला, दीना पाठकांपासून रत्ना पाठकांपर्यंत, म्हणून तो चित्रपट आजही टिकून आहे. एकट्या नायिकेच्या बळावर तो उभाच राहिला नसता.

आमच्या बोलीतली, अहिराणीतली, गाणी मोबाईलवर कोट्यवधी वेळा वाजतात, विनोदी चित्रफितींना तोटा नाही. त्यांत बाई असते ती ठुमकणारी पोर नाही तर बोलभांड सासू. रडणारी, हिशेब करणारी, मुकादमाशी मजुरीवरून वाद घालणारी बाई अहिराणीत बोलू लागली की आमचेच लेखक तिला प्रमाण मराठीवर आणतात. का? दुःख प्रमाण मराठीतच शोभतं, हा समज धुळे-जळगावच्या हौशी रंगभूमीनेच आधी मोडायला हवा. मुंबईच्या नावाने बोटं मोडून भागणार नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता निवडताना चाळिशीपुढच्या बाईला दोन प्रवेशांची आई देऊ नका, तिला नाटकाचा मधला अंक द्या. तिचा नवरा, मुलगा, जावई हे हवं तर दोन प्रवेशांपुरते ठेवा. आणि तालीम नाट्यगृहात सुरू करण्याआधी नटीला आठवडाभर पथारीवर बसवा, देठ खुडू द्या.